शरदातील प्रस्तरारोहण (सातारा जिल्हा)

पावसाळा सरल्यावर, साधारण दसऱ्यापासून, सह्याद्रीच्या कड्यांवर व सुळक्यांवर दोर लावून केली जाणारी चढाई. तिचा हंगाम पंचांगावर नव्हे, तर कातळ कधी सुकतो यावर ठरतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिमीहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला माण-खटाव तालुक्यांकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे वर्धनगड, महिमानगड या बाजूचे कातळ लवकर मोकळे होतात, तर जावळीकडच्या कड्यांतून ऑक्टोबर सरत आला तरी पाणी झिरपत असते. ओल्या शेवाळापेक्षा वाळत आलेले जास्त फसवे. वरून काळा, कोरडा पापुद्रा दिसतो आणि बूट टेकला की सोलून निघतो.

इथला खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. टणक बेसाल्टचे उभे कडे झाले, मधले मऊ थर झिजून गवताळ पट्ट्या उरल्या. कडा संपून अशा पट्टीवर आले की नवखा आरोहक हुश्श करतो. खरे तर जपायचे ते तिथेच. गुडघाभर गवत, त्याखाली भुसभुशीत मुरूम, आणि दोर अडकवायची मेख ठोकायला जागा नाही. कातळावरही प्रत्येक पकड आधी हातोडीने वाजवून पाहतात. खणखणीत आवाज आला तर भार द्यायचा. बद्द आवाज आला तर दगड आतून सुटलेला, तो सोडून पुढे जायचे. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा जांभा दिसायला रांगडा असला तरी ठिसूळ असतो, दोराच्या चढाईला तो बेभरवशाचाच.

कड्यांना लटकलेली आग्या मोहोळे हा दुसरा धोका. धूर, अत्तराचा वास, मोठा आवाज यांनी माश्या उठतात, आणि दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी पायथ्यावरून कडा न्याहाळून मोहोळ दिसले तर मार्गच बदलतात. ऑक्टोबरच्या उन्हात कातळ दुपारी हात भाजण्याइतका तापतो, तेव्हा चढाई उजाडताच सुरू होते. वासोटा किल्ल्याचा बाबूकडा प्रसिद्ध असला, तरी तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पाऊलही टाकता येत नाही.

सातारच्या प्रियंका मोहिते यांनी एव्हरेस्ट (२०१३), अन्नपूर्णा (२०२१), कांचनजंगा (२०२२) ही शिखरे सर केली. पण बर्फाचे तंत्र सह्याद्रीत शिकता येत नाही. त्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) किंवा तत्सम ठिकाण गाठावे लागते.

हिमालयात याच सुमारास उंचावर पहिला बर्फ पडू लागतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून चढ चढायचा आणि त्या काढून घसरत उतरायचे, हा स्की-टूरिंगचा प्रकार. औली, गुलमर्ग येथे स्कीइंग खऱ्या अर्थाने डिसेंबरअखेरीनंतरच रंगते. त्याआधीचा बर्फ पातळ असतो; त्याखालचे धोंडे स्कीला आणि गुडघ्याला सारखेच महाग पडतात. निरभ्र, कडाक्याच्या रात्रींत या पातळ थराचे तळाशी साखरेसारखे सुटे कण होतात. पुढे त्यावर जड बर्फ साचला की सगळा थर एकदम सुटतो. हिमस्खलने बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. अशा उतारावर जाण्याआधी जाणकार बर्फात खड्डा खणून थर तपासतात.