अर्भकाच्या चेहऱ्यावरील हिमँजिओमा

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी भराभर वाढून तयार होणारी, कर्करोग नसलेली गाठ म्हणजे हिमँजिओमा. तान्ह्या मुलांत सर्वाधिक आढळणारी गाठ हीच. शंभरातल्या साधारण ४ ते ५ बाळांना ती होते. मुली, अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची आणि जुळी बाळे यांत प्रमाण अधिक.

जन्मतः बहुधा काहीच दिसत नाही. फार तर फिकट डाग किंवा खरचटल्यासारखी लाली. काही आठवड्यांत तिथेच लालभडक, खडबडीत उंचवटा येतो. गाठ खोलवर असली तर वरची त्वचा नेहमीसारखीच राहते आणि खाली मऊ, निळसर फुगवटा जाणवतो. बाळ रडले की तो टरारतो. वाढ सर्वांत वेगाने होते ती ५ ते ८ आठवड्यांच्या वयात, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत गाठ अंतिम आकाराच्या सुमारे ८० टक्के झालेली असते. वर्षाच्या सुमारास मधोमध राखाडी छटा येऊन ती ओसरू लागते. बहुतेकींचे ओसरणे चौथ्या वर्षापर्यंत उरकते. जन्मापासून असणारा, सपाट आणि कधीही न जाणारा ‘पोर्ट-वाइन’ डाग हा वेगळाच विकार. दोहोंची गल्लत फार होते.

‘आपोआप जाईल, थांबा’ हा सल्ला पाठीवरच्या छोट्या गाठीला चालून जातो. चेहऱ्यावर मात्र आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पापणीवरची गाठ डोळा झाकते किंवा बुबुळावर दाब देऊन दृष्टिवैषम्य, म्हणजे बुबुळाच्या असमान वक्रतेमुळे येणारा धूसरपणा, आणते. मग मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि गाठ विरल्यावरही नजर मंदच राहू शकते. ओठावरची गाठ चिघळते. जखम इतकी दुखते की बाळ दूध ओढेनासे होते. नाकाच्या शेंड्यावरची गाठ कूर्चेचा आकार बिघडवते. हनुवटी, जबडा, खालचा ओठ आणि मानेचा पुढचा भाग, म्हणजे दाढीची जागा, लाल चट्ट्याने व्यापली असेल तर स्वरयंत्राखालीही गाठ असू शकते. श्वासाचा कर्कश आवाज मग सर्दी-खोकल्याचा समजला जातो, आणि तेवढ्यात श्वासमार्ग अरुंद होत जातो.

चेहऱ्याचा मोठा पट्टा व्यापणाऱ्या गाठीसोबत मेंदूचा मागचा भाग, मानेच्या व मेंदूच्या धमन्या, महाधमनी, हृदय किंवा डोळे यांतही दोष सापडू शकतात. या समूहाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘फेस’ (PHACE) संलक्षण म्हणतात; हे नाव १९९६ मध्ये दिले गेले. अशा बाळाची एमआरआय व हृदयाची सोनोग्राफी करतात. त्वचेवर ५ किंवा अधिक गाठी असतील, तर यकृताचीही सोनोग्राफी करून घेतात.

उपचाराची दिशा बदलली ती योगायोगाने. फ्रान्समधील बोर्दो येथे, गाठीसाठी स्टेरॉइड घेणाऱ्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले आणि दुसऱ्याच दिवशी नाकावरच्या गाठीचा लाल रंग जांभळट होऊन ती मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी हे निरीक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध केले. आता हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. ते सहसा किमान ६ महिने चालते. रक्तातील साखर घसरू नये म्हणून ते दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच देतात. बाळ नीट पीत नसेल तर तो डोस टाळतात. नाडी मंदावणे आणि दम लागणे यांवरही लक्ष लागते. पातळ, वरवरच्या गाठीवर टिमोलॉल या त्याच गटातल्या औषधाचे थेंब पुरतात. औषध सुरू करण्याची खरी वेळ वेगवान वाढीच्या आधीची, म्हणजे बाळ महिन्याभराचे असतानाची.

गाठ ओसरल्यावर कधी सैल त्वचा, चरबीचा मऊ उंचवटा किंवा बारीक लाल शिरा मागे राहतात. शिरांसाठी लेझर वापरतात. बाकीच्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, तर बहुधा ३ ते ५ वर्षांच्या वयात करतात.