काउंटरवरून कॅटलॉगकडे: पुण्यातल्या स्वतंत्र संगीत लेबलांची पार्श्वभूमी

पुण्यात शास्त्रीय संगीताची जी स्वतंत्र लेबलं निघाली, त्यांचं मूळ स्टुडिओत शोधून सापडत नाही. ते दुकानाच्या काउंटरवर आहे. गिऱ्हाईक येऊन विचारतं, ‘बुवांचा अमुक राग आहे का?’ आणि दुकानदाराला सांगावं लागतं की रेकॉर्ड कंपनीने तो काढलेलाच नाही. हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा आला की कॅटलॉगमध्ये काय नाही ते त्याला कंपनीच्या माणसांपेक्षा नेमकं कळू लागतं. कर्वे रस्त्यावरचं सुरेश अलूरकर यांचं ‘अलूरकर म्युझिक हाऊस’ हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. एकाच नावाचं दुकान आणि लेबल, आणि शास्त्रीय गायनाच्या शेजारी पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन.

मग हे आधीच का झालं नाही? कारण तबकडी काढणं हा दुकानदाराच्या आवाक्यातला धंदा नव्हता. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन परत येत. पुढे कारखाना देशात आला, तरी प्रेसिंग, म्हणजे तबकड्या छापणं, मोजक्या हातांत राहिलं. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ने १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं देशी लेबल चालवून दाखवलं, पण त्यामागे स्वतःचा कारखाना होता. एलपीचंही तेच. आधी लॅकर, म्हणजे खाचा कोरलेली मूळ तबकडी, कापायचं, त्यावरून धातूचे साचे: फादर, फादरवरून मदर, मदरवरून प्रती छापणारा स्टॅम्पर. पहिली प्रत हातात येण्यापूर्वीच हा सगळा खर्च झालेला असे. तो वसूल व्हायला हजारांत खप हवा, आणि एखाद्या बुजुर्ग ग्वाल्हेर गायकाच्या विलंबित ख्यालाला तेवढा खप मिळण्याची शाश्वती कोण देणार?

मागणी मात्र शहरात होती. १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पुणे आकाशवाणी केंद्र. ऐकणारा वर्ग घडत गेला. ज्यांना परवडत होतं त्यांनी स्पूलचे, म्हणजे उघड्या चकत्यांवर फीत गुंडाळणारे, टेपरेकॉर्डर घेतले आणि घरगुती बैठका टेप केल्या. पुढे लेबलांच्या कामी आलेला ऐवज मोठ्या प्रमाणावर हा होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या (‘७८’च्या) एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, एलपीला वीस-पंचवीस. स्पूलवर सात इंची चकतीत १८०० फूट फीत बसते. ती सेकंदाला साडेसात इंचांनी चालवली तर ४८ मिनिटं आणि पावणेचारने चालवली तर ९६ मिनिटं मिळतात. राग पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या लांबीत साठवला गेला.

फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे तिने बाजार पालटला तो ऐंशीच्या दशकात, आणि दुकानदाराला लेबल काढण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. इथे स्टॅम्पर नाही. पाचशे प्रती काढा, संपल्या की पुन्हा पाचशे. चूक झाली तरी तिची किंमत तेवढ्यापुरतीच राहते.

कॉपी करण्याची पद्धत समजली की या धंद्यातल्या निम्म्या तक्रारींचं कारण कळतं. मास्टरची, म्हणजे ज्यावरून प्रती काढायच्या त्या मूळ मुद्रणाची, फीत बंद वेटोळ्यात फिरत राहते आणि तिला जोडलेल्या यंत्रांवर कोऱ्या फितीच्या मोठ्या गुंडाळ्या, ज्यांना पॅनकेक म्हणतात, भरत जातात. दोन्ही बाजू एकाच फेरीत उतरतात, दुसरी उलटी. मग तुकडे करून फीत रिकाम्या कवचात, म्हणजे सी-झीरोत भरली जाते. चौसष्टपट वेगाने तीस मिनिटांची बाजू साधारण २८ सेकंदांत होते. पण त्या वेगात १५ किलोहर्ट्झचा सूर ९६० किलोहर्ट्झ होऊन हेडसमोरून जातो. हेड थोडं झिजलं किंवा त्याचा कोन, म्हणजे अझिमथ, किंचित ढळला की आधी मरतात वरच्या कंप्रता. शास्त्रीय संगीतात याचा पहिला बळी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार. गाणाऱ्याचा आवाज ठीक वाटतो, पण मागचा तानपुरा पोत्यातून आल्यासारखा. म्हणून जाणकार लेबलवाला नमुन्याच्या कॅसेटमध्ये आधी तानपुरा ऐकतो, गायक नंतर.

दुसरं गणित लांबीचं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते, म्हणजे मिनिटाला सुमारे २.८६ मीटर आणि अर्ध्या तासाला जवळपास ८६ मीटर. सी-९०ची (नव्वद मिनिटांच्या कॅसेटची) फीत साठ मिनिटांच्या सी-६०पेक्षा पातळ असते, स्वस्त प्लेअरमध्ये ती ताणली जाते, गुंडाळते. त्यामुळे साठ मिनिटांत बसवण्याकडे कल. मैफलीतला चाळीस मिनिटांचा विलंबित मग एक तर कापायचा, नाहीतर बाजू पालटताना मोडायचा. आमच्या मते मोडलेला चालेल, कापलेला नाही. बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, मधून छाटली की रागाचा बांधाच जातो. दोन्ही बाजू जवळपास सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर एकीकडे कोरी फीत उरते आणि गिऱ्हाईक कॅसेट खराब म्हणून परत आणतं. उरलेली जागा तराण्याने किंवा अभंगाने भरण्याची पद्धत इथूनच पडली.

घरगुती स्पूलवरून मास्टर करताना सर्वांत मोठी जोखीम वेगाची. मूळ यंत्र सहा टक्के हळू चालत असेल तर आज योग्य वेगावर फीत लावल्यावर गाणं एक पूर्ण पट्टी वर ऐकू येतं. पेटीवर काळी एकचा गायक लगतच्या पांढरी दोनमध्ये पोहोचतो. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असेल तर संशय लगेच येतो. पुरावा बहुतेकदा फितीतच असतो: विजेची बारीक गुणगुण. ती ५० हर्ट्झवर आणून ठेवली की वेग बव्हंशी जागेवर येतो. (मूळ यंत्र जनरेटरवर चाललं असेल तर हा आधार धरू नये.) पावसाळ्यात ट्रंकेत राहिलेल्या फितीवर बुरशी धरते, ती साफ न करता वाजवली तर हेडवरून पुढच्या प्रत्येक फितीवर पसरते. काही जुन्या फितींचा लेप दमटपणाने चिकट होतो. त्या वाजवायला गेलं तर किंचाळतात आणि लेप सोलून निघतो. अशी फीत मंद, नियंत्रित उष्णतेत सुमारे ५४ अंश सेल्सिअसवर काही तास ठेवून मगच एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी उतरवून घ्यायची. साध्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये.

दुकानाचा भाग बाजूला राहिला, पण लेबलला पैसा तिथूनच पुरत असे. दुकानात विकायला जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी उचललेल्या तबकड्यांत दोन चुका वारंवार होतात. ७८ची तबकडी लाखेची असते, ती स्पिरिटने पुसली की पृष्ठभाग विरघळतो. आणि तिला एलपीची सुई लावली की सुई खाचेच्या तळाला जाऊन नुसती खरखर ऐकवते. ७८ला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची साधारण २० ते २५. एलपी आडव्या थप्पीत ठेवल्या तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वाकतात. उभ्याच ठेवाव्यात.

हक्कांचा प्रश्न मात्र लेबलवाल्याला आयुष्यभर पुरतो. फीत ज्याच्या घरात तो हक्काचा मालक नव्हे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र संरक्षण नव्हतं; ते १९९४च्या दुरुस्तीने आलं आणि १० मे १९९५ पासून लागू झालं. त्याआधीची बरीच कामं शब्दावर झाली, तबलजी आणि संवादिनीवाल्याचा तर त्यात उल्लेखही नसे. त्याच दुरुस्तीनंतरच्या हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६४ साली निघालेली तबकडी २०२४ संपताना मोकळी झाली. नाट्यगीतात कवी आणि संगीतकाराचा हिशोब वेगळा, मृत्यूनंतर ६० वर्षं. एकोणिसाव्या शतकातल्या ‘सौभद्र’ला अडचण नाही, पन्नासच्या दशकातल्या पदाला असू शकते.

सीडीने लेबलचा मास्टर डिजिटल केला, पण दुकानाचं फिरतं गिऱ्हाईक कमी होत गेलं. आता तोच कॅटलॉग ऑनलाइन चढवायचा तर प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या मुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो, आणि नावं भरताना साथीदार, राग, ताल, बंदिशीचा मुखडा यांना नेमके रकाने बहुधा नसतात. कॅसेटच्या इनले कार्डावर, म्हणजे डबीतल्या छापील कार्डावर, ते सगळं होतं. म्हणून जुन्या लेबलचा माल विकत घेणाऱ्याने किंवा वारसाने मास्टरच्या आधी तीन गोष्टी ताब्यात घ्याव्यात: करारांची फाइल, मैफलीच्या तारखा लिहिलेलं रजिस्टर आणि प्रत्येक कॅसेटचं एक तरी छापील कार्ड.