स्कोमेट परवाना: कोल्हापूरच्या निर्यातदारांनी अर्ज कधी आणि कसा करायचा

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीतून व्हॉल्व्ह, पंप, मशीनिंग केलेले पार्ट परदेशी पाठवणाऱ्यांसाठी ही माहिती. स्कोमेट ही सरकारची नियंत्रित मालाची यादी; त्यातला माल पाठवायला परवाना लागतो.

इराणच्या अणुकार्यक्रमाचा आपल्या वर्कशॉपशी काय संबंध, असं वाटेल. आहे. विजेच्या अणुभट्टीला साधारण ३ ते ५ टक्के समृद्ध युरेनियम पुरतं. इराणने ते ६० टक्क्यांपर्यंत नेलं आणि अण्वस्त्रं बनवण्याचा जगाचा संशय बळावला. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परत लागू झाले. युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं ठिकठिकाणच्या सुट्या भागांतून उभी राहतात, म्हणून नजर सुट्या भागांवरच असते.

अशा मालाची आपल्याकडची यादी म्हणजेच स्कोमेट. तिचे प्रवर्ग ० ते ८. अणुसामग्रीच्या शून्य प्रवर्गाचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो, सहाव्याचा (लष्करी मालाचा) संरक्षण उत्पादन विभाग, बाकीचे बहुतेक डीजीएफटीकडे, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडे. साधं सीआय (बिडाचं) कास्टिंग यादीत नसतं. पण व्हॉल्व्हच्या आतल्या, रसायनाला लागणाऱ्या भागात २५ टक्क्यांवर निकेल आणि २० टक्क्यांवर क्रोमियम असेल, किंवा काम मॅरेजिंग स्टीलचं (अतिशय मजबूत खास पोलादाचं) असेल, तर ड्रॉइंग आणि मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट यादीशी ताडून बघा. नुसत्या एचएस कोडवर (कस्टम्ससाठीच्या मालाच्या वर्गीकरण क्रमांकावर) विसंबू नका; इथे निकष तांत्रिक आहेत.

अर्जासाठी चालू आयईसी (आयात-निर्यात कोड) लागतो. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट केलेला हवा, बदल काही नसला तरी. अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन. सोबत पीओ (खरेदीची ऑर्डर), मालाचा तांत्रिक तपशील आणि एंड यूजर सर्टिफिकेट.

घोडं अडतं ते या शेवटच्या कागदावर. समजा, पीओ दुबईच्या ट्रेडरची आहे आणि वापराच्या रकान्यात फक्त ‘रीसेल’ लिहिलंय. असा कागद पाठवला की क्वेरी आलीच म्हणून समजा. माल शेवटी कोण, कुठल्या प्लँटमध्ये, कशासाठी वापरणार हे त्या शेवटच्या पार्टीनेच लेटरहेडवर सहीनिशी लिहून द्यायचं असतं. मधल्या ट्रेडरचं पत्र त्याला पर्याय नाही. पार्टी टाळाटाळ करत असेल तर ऑर्डर सोडलेली बरी, असं माझं स्पष्ट मत. पॅटर्नचा (कास्टिंगच्या नमुन्याचा) खर्च करण्याआधीच हा कागद मागा.

अर्ज दिल्लीत आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो. त्यामुळे पार्टीला डिलिव्हरीची तारीख छातीठोकपणे देऊ नका.

माल यादीत नसला तरी सुटका नाही. तो अण्वस्त्रांच्या कामी जाणार हे माहीत असेल, तर २००५ च्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीच्या कायद्यानुसार पाठवता येत नाही. ड्रॉइंग किंवा तंत्रज्ञान ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यातच, हे बरेच जण विसरतात.

परवाना २४ महिने चालतो. कागदपत्रं पाच वर्षं जपून ठेवायची.