गंज पेठेतला हौद आणि मानवी हक्क

मानवी हक्क म्हटलं की १० डिसेंबर १९४८ ही तारीख पुढे येते. त्या दिवशी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३० कलमांचा जाहीरनामा मंजूर केला. ४८ देश बाजूने, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही. पुण्यात मात्र ही हकिकत त्याच्या शंभर वर्षं आधीपासून सांगायला हवी.

१८४७ मध्ये तरुण जोतीराव फुल्यांनी थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं आणि पुढच्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बाजीरावाच्या राज्यात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं ती लिहिते. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा सवाल ती पंडितांना थेट करते. आज त्या गुलटेकडीवर मार्केट यार्ड आहे. तिथे भाजीपाला घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक पुणेकराने हा निबंध एकदा तरी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

१८६८ मध्ये फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळी हे करणं म्हणजे जातीचा रोष अंगावर घेणं होतं. तरीही तो हौद त्यांच्या घरचा होता, म्हणून त्यांना तो उघडता आला. सार्वजनिक पाण्याचं काय? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला, पण तळ्यावर जाण्याची सोय काही झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, खटला उभा राहिला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. मंजूर झालेला हक्क हाती पडायला दहा-पंधरा वर्षं लागतात, हे महाडने दाखवून दिलं.

म्हणूनच राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट असे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. समतेच्या मोघम वाक्यावर विसंबून चालणार नव्हतं. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये त्यासाठी शिक्षेचा कायदाही आला. आणि तरी १९७०च्या दशकात पुण्याच्या बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम घेऊन गावोगाव फिरावं लागलं, कारण दलितांची विहीर वेगळीच राहिली होती.

गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की १९४८ च्या जाहीरनाम्यात पाण्याचा उल्लेखच नाही. स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचं आमसभेने मान्य केलं ते २८ जुलै २०१० रोजी, गंज पेठेतला हौद खुला झाल्यावर १४२ वर्षांनी.

आपल्याकडे १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोग आला, राज्याचा आयोग पुढे मुंबईत स्थापन झाला. पोलीस कोठडीतला छळ असो किंवा सरकारी यंत्रणेने केलेली हयगय, आयोगाकडे तक्रार करायला फी लागत नाही. पण घटनेला एक वर्ष उलटून गेलं की आयोग चौकशी करू शकत नाही, आणि चौकशीनंतरही तो सरकारला शिफारसच करू शकतो. ती सरकारने मानली का, हे पाहायला तक्रारदाराच्या पाठीशी माणसं उभी असावी लागतात.