वजन घटवणारी शस्त्रक्रिया : संशोधनाचे जागतिक प्रवाह

तीव्र स्थूलतेवरील उपाय म्हणून जठर, लहान आतडे किंवा दोन्हींच्या रचनेत बदल करणाऱ्या शस्त्रक्रियांचा (बॅरिॲट्रिक सर्जरी) पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आला आहे. सुरुवातीला वजन किती उतरते एवढाच प्रश्न असे. १९९० नंतर मधुमेह, हृदयविकार व आयुर्मान यांवरील परिणामांकडे लक्ष वळले. या क्षेत्रातील अमेरिकन संघटनेने २००७ मध्ये आपल्या नावात ‘मेटाबॉलिक’ (चयापचयविषयक) हा शब्द घातला, तो या बदलामुळेच.

अशी पहिली शस्त्रक्रिया कोणाची, याबद्दल एकमत नाही. स्वीडनमधील व्हिक्टर हेन्रिकसन यांनी १९५२ मध्ये, एका स्थूल स्त्रीच्या लहान आतड्याचा सुमारे १०५ सेंमी. भाग कापून काढल्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील रिचर्ड व्हार्को यांनी १९५३ च्या सुमारास रिक्तांत्र (लहान आतड्याचा मधला भाग) व शेषांत्र (त्याचा शेवटचा भाग) जोडून बायपास, म्हणजे आतड्याचा भाग काढून न टाकता अन्नाला वळणमार्ग, केल्याचे सांगितले जाते. तथापि त्यांनी स्वतः ते छापले नाही. त्याच विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांचा १९५४ चा निबंध मुख्यतः कुत्र्यांवरील प्रयोगांचा होता आणि मानवी रुग्णाचा उल्लेख त्याला जोडून छापलेल्या चर्चेत आला. हेन्रिकसन यांनी आतड्याचा भाग काढून टाकला होता, बायपास केला नव्हता. त्यामुळे छापील पुरावाच प्रमाण मानल्यास बायपासपुरता अग्रमान १९५४ च्या निबंधाला देणे अधिक रास्त दिसते. आतड्याच्या बायपासची ही शस्त्रक्रिया पुढे यकृत निकामी होणे, मूतखडे व तीव्र अतिसार यांमुळे सोडून द्यावी लागली. दुष्परिणामांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्याची सवय या क्षेत्राला बव्हंशी तिच्यामुळेच लागली.

अमेरिकेतील आयोवा येथील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी, पोटातील व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढत नाही या निरीक्षणावरून, चिकाशी इटो यांच्यासह १९६६-६७ मध्ये जठराचा बायपास (जठराचा लहान कप्पा थेट लहान आतड्याला जोडणे) मांडला. १९९० च्या दशकात दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया शक्य झाल्यावर संशोधनाची व रुग्णांची संख्या दोन्ही झपाट्याने वाढली.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवणे) ही, अतिजोखमीच्या रुग्णांत मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ पहिला टप्पा म्हणून, २००० च्या आसपास पुढे आली. पुरेशा तुलनात्मक चाचण्यांपूर्वीच ती जगभर सर्वाधिक केली जाणारी ठरली. फिनलंड व स्वित्झर्लंडमधील यादृच्छिक (रुग्णांची गटवारी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे करणाऱ्या) चाचण्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. फिनिश चाचणीत अतिरिक्त वजनातील (योग्य वजनाहून जास्त असलेल्या वजनातील) घट स्लीव्हनंतर सरासरी ४९ टक्के, तर बायपासनंतर ५७ टक्के होती. स्विस चाचणीतील फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. स्लीव्हनंतरचा आम्लप्रतिवाह (जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलट येणे) हा सध्याच्या वादाचा मुख्य मुद्दा आहे.

सर्वाधिक मतभेद कार्ययंत्रणेबद्दल आहेत. वजन फारसे उतरण्यापूर्वीच रक्तशर्करा सुधारते, हे अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांच्या १९९५ च्या निबंधापासून चर्चेत आहे. एका मतानुसार अन्न ग्रहणीला (लहान आतड्याच्या पहिल्या भागाला) टाळून जाते म्हणून हा परिणाम होतो. शल्यविशारद फ्रान्चेस्को रुबिनो यांचे उंदरांवरील प्रयोग या बाजूने दाखवले जातात. दुसऱ्या मतानुसार अन्न शेषांत्रात लवकर पोहोचून जीएलपी-१ हे रक्तशर्करा व भूक कमी करणारे संप्रेरक वाढते. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिनची पातळी बायपासनंतर कमी आढळल्याचा निष्कर्ष २००२ मध्ये आला. २०१४ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासाने स्लीव्हचा परिणाम पित्ताम्लांच्या एफएक्सआर या ग्राहीवर (पेशीतील संवेदक प्रथिनावर) अवलंबून असल्याचे दाखवले. मात्र २०२० मध्ये, बायपास व आहारनियंत्रण या दोन्ही गटांत वजन सारखेच म्हणजे सुमारे १८ टक्के घटवून केलेल्या तुलनेत, चयापचयातील सुधारणाही जवळजवळ सारखीच आढळली. तो अभ्यास फक्त २२ जणांचा होता. तरी ‘वजनाशी असंबद्ध परिणाम’ हा शब्दप्रयोग सावधपणे करणे त्यामुळे भाग पडले. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत खाणेच अत्यल्प असते, ही गोष्ट जुन्या निबंधांत पुरेशी मोजलेली दिसत नाही.

आयुर्मानाबाबतचा मुख्य आधार स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेला अभ्यास होय. त्यात २,०१० शस्त्रक्रिया झालेले व २,०३७ नेहमीच्या उपचारांवरील लोक होते. २००७ मध्ये शस्त्रक्रिया गटात मृत्यूचा धोका, इतर घटक जमेस धरून, सुमारे २९ टक्के कमी आढळला. गट यादृच्छिक नव्हते. प्रकाशनांच्या संख्येत अमेरिका आघाडीवर असली, तरी दीर्घ पाठपुराव्यात राष्ट्रीय नोंदवह्या असलेले नॉर्डिक देश सरस ठरतात.

रुग्णनिवडीचे १९९१ चे अमेरिकन निकष (बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक, ४०, किंवा सहव्याधींसह ३५) दीर्घकाळ टिकले. २०२२ मध्ये दोन संघटनांनी ते ३५ पर्यंत आणि मधुमेह असल्यास ३० पर्यंत खाली आणले. आशियाई वंशाच्या लोकांसाठी त्याहून कमी मर्यादा सुचवल्या. किशोरवयीन रुग्ण, जीवनसत्त्वांची कमतरता व बायपासनंतर वाढणारे मद्यव्यसन यांवरील अभ्यास तुलनेने अलीकडचे आहेत. जीएलपी-१ प्रमाणे काम करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत वजन घटवण्यासाठी मान्यता मिळाल्यापासून अशी औषधे व शस्त्रक्रिया यांची तुलना, तसेच शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाढलेल्या वजनावर या औषधांचा उपयोग, यांवर निबंध येत आहेत.