शंभर किलोंच्या आतला पट्टा

जपानी व्यावसायिक कुस्तीत ‘ज्युनियर’ या शब्दाचा वयाशी काही संबंध नाही. वजन शंभर किलोंच्या आत असले की पैलवान ज्युनियर. मार्च २०१९ मध्ये जुशिन लायगर हा मुखवटाधारी पैलवान या गटाच्या किताबासाठी शेवटचा लढला तेव्हा तो चौपन्न वर्षांचा होता, आणि तरीही ज्युनियरच होता. त्या किताबाचे पूर्ण नाव ‘आयडब्ल्यूजीपी (इंटरनॅशनल रेसलिंग ग्रँड प्रिक्स) ज्युनियर हेवीवेट चॅम्पियनशिप’. न्यू जपान प्रो-रेसलिंग या कंपनीचा हा पट्टा १९८६ पासून चालत आला आहे. डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांना फिन बॅलर ठाऊक असतो. त्याचे नाव प्रिन्स डेव्हिट होते तेव्हा तो याच पट्ट्यावर मोठा झाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

ही तालमीतली कुस्ती नव्हे, हे आधीच सांगायला हवे. इथे निकाल ठरलेला असतो आणि पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा ते कंपनी ठरवते. पण तेवढ्यामुळे त्या पट्ट्याचा इतिहास पोकळ ठरत नाही. कंपनीने कोणावर भरवसा टाकला आणि प्रेक्षकांनी कोणासाठी तिकिटे काढली, याची ती नोंद असते. शिवाय दोरांवरून झेप घेऊन मानेवर आदळणारा माणूस खराच आदळतो.

अँटोनिओ इनोकी यांनी १९७२ मध्ये न्यू जपान काढली तेव्हा जपानी व्यावसायिक कुस्ती म्हणजे धिप्पाड माणसांचे काम होते. या कुस्तीचा जपानमधला पहिला मोठा तारा रिकिडोझान, त्याच्या काळापासून प्रेक्षकांना एकच चित्र आवडायचे: परदेशी राक्षस आणि त्याला लोळवणारा जपानी वीर. हलक्या वजनाचे पैलवान होतेच, पण कार्यक्रमाच्या सुरुवातीला, लोक जागा शोधत असताना. हे बदलले ते तात्सुमी फुजिनामीने. २३ जानेवारी १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने होसे एस्त्रादाला हरवून, आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा ज्युनियर हेवीवेट किताब मिळवला. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही हात मागून मानेशी जखडायचे आणि तसेच कमान टाकून त्याला मागे आपटायचे, हा त्याचा ‘ड्रॅगन सुप्लेक्स’ त्या रात्री लोकांनी डोळे विस्फारून पाहिला. पट्टा नावाला अमेरिकी होता. नांदला तो जपानमध्येच. देखणा, पिळदार फुजिनामी परत आला आणि कुस्तीच्या प्रेक्षकांत तरुण मुली आणि शाळकरी पोरे दिसू लागली.

पुढची उडी आणखी मोठी होती. ‘टायगर मास्क’ ही जपानमधली गाजलेली कुस्ती-चित्रकथा. तिच्यातला वाघाचा मुखवटा घातलेला नायक खराखुरा रिंगमध्ये उतरवायचा, असे ठरले. २३ एप्रिल १९८१ रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये तो उतरला, समोर इंग्लंडचा डायनामाइट किड. मुखवट्याआड सातोरू सायामा होता. मेक्सिको आणि इंग्लंडमध्ये तयार झालेल्या या बुटक्या, चपळ माणसाच्या लाथा कुठून येतात हे प्रेक्षकांना कळायच्या आत लढत संपली. सुरुवातीला हसणारे लोक शेवटी उभे राहून ओरडत होते. आजही त्या लढतीचे चित्रण पाहिले की वाटते, दोघे इतरांपेक्षा दुप्पट वेगाने जगत असावेत. १ जानेवारी १९८२ ला टायगर मास्कने त्याच डायनामाइट किडला हरवून तो अमेरिकी ज्युनियर पट्टा जिंकला. शुक्रवारी रात्री आठ वाजता टीव्हीसमोर बसणाऱ्या मुलांची एक पिढीच त्याने घडवली. पुढचे निम्मे ज्युनियर पैलवान याच पिढीतले. सायामा मात्र ऑगस्ट १९८३ मध्ये कंपनी सोडून गेला.

१९८५ मध्ये न्यू जपानचा अमेरिकी कंपनीशी असलेला करार संपला आणि उसना पट्टा हातचा गेला. गट लोकप्रिय, पण किताबच नाही अशी अवस्था झाली. मग स्वतःचा किताब काढायचे ठरले. ६ फेब्रुवारी १९८६ रोजी रयोगोकू कोकुगिकानमध्ये स्पर्धेच्या अंतिम लढतीत शिरो कोशिनाकाने द कोब्राला हरवले आणि तो पहिला आयडब्ल्यूजीपी ज्युनियर विजेता ठरला. रयोगोकू म्हणजे सुमोचे घर. दीड-दोनशे किलोंचे मल्ल जिथे भिडतात, त्या छताखाली शंभर किलोंच्या आतल्यांचा हा पट्टा जन्माला आला, याचे मला फार अप्रूप वाटते.

कोशिनाका हा न्यू जपानचा मूळचा माणूस नव्हे. तो प्रतिस्पर्धी ऑल जपान कंपनीतून आलेला. त्याला भिडला नोबुहिको ताकादा, यूडब्ल्यूएफ या फुटून निघालेल्या आणि पुन्हा परतलेल्या गटाचा. ताकादाच्या लाथा म्हणजे खरोखरच्या लाथा. कोशिनाका त्या छातीवर झेलायचा, कोसळायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मे १९८६ मध्ये ताकादाने पट्टा घेतला, सप्टेंबरमध्ये कोशिनाकाने परत आणला. नव्या किताबाला पत मिळाली ती या दोघांमुळे. मधली दोन वर्षे कुनियाकी कोबायाशी, हिरोशी हासे अशा हातांतून पट्टा फिरला आणि मे १९८८ मध्ये कॅनडाचा ओवेन हार्ट पहिला परदेशी विजेता झाला.

तरीही एक प्रश्न सुटला नव्हता. जो चमकायचा तो वजन वाढवून वरच्या गटात जायचा. फुजिनामी गेला, ताकादा गेला, हासे गेला. ज्युनियर पट्टा म्हणजे जिन्याची पायरी, मुक्कामाची जागा नव्हे, असेच सगळे मानत. हे ज्याने बदलले त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवे.

केइइची यामादाला पैलवान व्हायचे होते, पण उंचीत तो बसत नव्हता. मग तो थेट मेक्सिकोला गेला. तिथे त्याची धडपड न्यू जपानच्या लोकांनी पाहिली आणि त्याला आपल्या तालमीत घेतले. २४ एप्रिल १९८९ रोजी टोकियो डोममध्ये न्यू जपानचा पहिलाच कार्यक्रम झाला. त्याच दिवशी गो नागाई यांच्या कार्टून मालिकेतल्या नायकाचा शिंगवाला मुखवटा आणि लाल-पांढरा वेश घालून तो ‘जुशिन लायगर’ म्हणून उतरला. महिन्याभरातच, २५ मे रोजी, त्याने हासेकडून किताब जिंकला.

ऑगस्टमध्ये नाओकी सानोने तो हिसकावला. दोघे एकाच तालमीत घाम गाळलेले. ३१ जानेवारी १९९० ला ओसाकात परतीची लढत झाली. सानोने लायगरचा मुखवटा फाडला, आतले कपाळ रक्ताने माखले आणि तशाच अवस्थेत लायगरने पट्टा परत मिळवला. मुलांच्या मालिकेतून आलेल्या माणसाकडे त्या रात्रीनंतर कोणी खेळणे म्हणून पाहिले नाही.

लायगर वरच्या गटात गेला नाही. तिथल्या दिग्गजांशी तो अधूनमधून भिडला, पण घर इथेच ठेवले. अकरा वेळा किताब जिंकला आणि त्यातला एक कार्यकाळ, जानेवारी १९९३ ते सप्टेंबर १९९४, ६२८ दिवस चालला; तोही कोणी हरवले म्हणून नव्हे, पायाचे हाड मोडले म्हणून संपला. पट्ट्यापेक्षाही मोठे काम त्याने पट्ट्याभोवती केले. १६ एप्रिल १९९४ ला त्याने ‘सुपर जे-कप’ भरवला. एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांचे हलके पैलवान त्याने एका रात्रीत एका रिंगमध्ये आणले. अंतिम लढतीत वाइल्ड पेगासस नावाने लढणाऱ्या ख्रिस बेन्वाने ग्रेट सासुकेला हरवले. त्या रात्रीच्या टेप हातोहाती अमेरिकेत पोचल्या आणि तिथल्या कंपन्यांनी हलक्या गटाकडे नव्याने पाहायला सुरुवात केली.

त्याच धाग्यातून ऑगस्ट १९९६ मध्ये ‘जे-क्राउन’ आला. वेगवेगळ्या कंपन्यांचे आठ पट्टे एकाच विजेत्याकडे. तो जिंकला ग्रेट सासुकेने, अल्टिमो ड्रॅगनला हरवून. त्या लढतीत सासुकेच्या कवटीला तडा गेला. (हाच सासुके २००३ मध्ये इवाते प्रांताच्या विधानसभेवर निवडून आला आणि सभागृहातही मुखवटा घालूनच बसला.) ऑक्टोबरमध्ये अल्टिमो ड्रॅगनने ते सगळे पट्टे घेतले. त्याच वर्षी लायगरच्या मेंदूतली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. ४ जानेवारी १९९७ ला, टोकियो डोममध्ये, त्याने अल्टिमो ड्रॅगनला हरवून आठही पट्टे मिळवले. वर्ष सरता सरता अमेरिकी कंपनीने त्या आठांतला आपला पट्टा परत मागितला. तेव्हाचा विजेता शिंजिरो ओतानीने आयडब्ल्यूजीपीचा तेवढा ठेवला आणि बाकीचे सोडून दिले.

२००० च्या दशकाबद्दल थोडक्यात सांगता येते. मिनोरू तानाका, कोजी कानेमोतो आणि चौथा टायगर मास्क (सायामाचा तो मुखवटा घालणारा चौथा पैलवान) यांनी गाडा ओढला, पण कंपनीच अडचणीत होती आणि लक्ष भलतीकडे. रंग पुन्हा भरला तो २०१० मध्ये डेव्हिट जिंकल्यावर. मग कोता इबुशी आला, केनी ओमेगा आला, दोघेही पुढे वरच्या गटात गेले. ४ जानेवारी २०१६ ला कुशिदाकडून हरलेल्या ओमेगाने तर दुसऱ्याच दिवशी वाट बदलली. जुनी पायरी पुन्हा पायरीच झाली होती. कुशिदा तेवढा बराच काळ या गटाला धरून राहिला.

आणि मग हिरोमु ताकाहाशी. तो मेक्सिकोत ‘कामाइताची’ या मुखवट्याआड लढत असताना ड्रॅगन लीशी त्याचे वैर जमले होते, प्रेक्षक वेडे होतील असे. ७ जुलै २०१८ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये दोघे पट्ट्यासाठी भिडले. ड्रॅगन लीचा एक डाव चुकला आणि हिरोमु मानेवर पडला. मान मोडलेली असताना त्याने लढत पूर्ण केली, जिंकली, आणि पुढच्या महिन्यात किताब सोडला. लढतीपुरते टाळ्या वाजवून मोकळे होणाऱ्या आपण प्रेक्षकांनी हे विसरता कामा नये. ज्या डायनामाइट किडच्या वेगावर हा सारा गट उभा राहिला, त्याची शेवटची वर्षे चाकांच्या खुर्चीत गेली.

६ एप्रिल २०१९ ला हा पट्टा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पणाला लागला. फुजिनामीच्या त्या रात्रीला एक्केचाळीस वर्षे झाली होती. जिंकला ड्रॅगन ली. जूनमध्ये विल ऑस्प्रेने त्याच्याकडून घेतला आणि ४ जानेवारी २०२० ला, दीड वर्ष बाहेर राहून परतलेल्या हिरोमुने टोकियो डोममध्ये ऑस्प्रेला हरवले.

दुसऱ्या दिवशी, त्याच डोममध्ये, लायगरची शेवटची लढत होती. त्याच्या बाजूने नाओकी सानो उभा होता, ज्याने तीस वर्षांपूर्वी ओसाकात त्याचा मुखवटा फाडला होता. समोर हिरोमु आणि त्याचा जोडीदार र्‍यू ली, म्हणजे तोच ड्रॅगन ली. लायगर उताणा पडला आणि पंचांनी तीनदा हात आपटला. त्याला पाडणाऱ्या हिरोमुच्या नावावर आदल्या रात्रीपासून तो पट्टा होता.