लांब पल्ल्याच्या प्रवासात सायकल बरोबर नेणे

मधले मोठे अंतर रेल्वेगाडीने किंवा बसने कापून उरलेला प्रवास स्वतःच्या सायकलीवर करता यावा, यासाठी सायकल त्याच गाडीतून बरोबर नेण्याची ही पद्धत आहे. भारतात ती वापरणारे आरंभापासून कष्टकरी लोक राहिले आहेत. स्टेशनापासून गावापर्यंत किंवा कामाच्या जागेपर्यंत दुसरे वाहन मिळत नसल्यामुळे दूधवाले, फेरीवाले आणि गवंडीकाम करणारे मजूर सायकल घेऊनच गाडीत चढत. उत्तर भारतातल्या पॅसेंजर गाड्यांच्या खिडक्यांच्या गजांना बाहेरून अडकवलेल्या सायकली आणि दुधाचे कॅन हे दृश्य त्यातूनच आले. गेल्या काही दशकांत त्यांत हौशी सायकलस्वारांची भर पडली आहे. पुण्याहून सुमारे १,५०० किलोमीटर सायकल चालवत कन्याकुमारी गाठायची आणि परत येताना कन्याकुमारी–पुणे गाडीत सायकल चढवायची, हा महाराष्ट्रातल्या अनेक सायकलगटांचा परिपाठ झाला आहे.

भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार सायकल हा माल आहे. ती प्रवाशाचे वाहन किंवा त्याच्या हातातली वस्तू मानली जात नाही. या पद्धतीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका वर्गवारीत आहे. प्रत्येक तिकिटावर काही वजन मोफत नेता येते. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात ते ७० किलो, द्विस्तरीय वातानुकूलित डब्यात ५० किलो, त्रिस्तरीय वातानुकूलित व शयनयान डब्यांत ४० किलो आणि द्वितीय वर्गात ३५ किलो असते. साधी गिअरची सायकल १२ ते १५ किलोची असल्यामुळे ती या मर्यादेत सहज बसेल असे वाटते. परंतु स्कूटर, सायकल अशा वस्तूंना ही मोफत वजनाची सवलत लागू होत नाही, आणि वजनाआधी आकाराची अट आडवी येते. डब्यात नेण्याच्या ट्रंकेची व पेटीची कमाल मापे १०० × ६० × २५ सेंटीमीटर आहेत आणि त्रिस्तरीय वातानुकूलित व खुर्चीयान डब्यांत ती याहूनही कमी आहेत. हल्लीच्या बहुतेक गिअरच्या सायकलींचे चाक टायरसकट सुमारे ६८ सेंटीमीटर व्यासाचे असते. म्हणजे दोन्ही चाके काढून सायकल पिशवीत भरली तरी एकटे चाकच ६० सेंटीमीटरची मर्यादा ओलांडते. १६ इंची चाकांच्या घडीच्या सायकली तेवढ्या या मापांच्या जवळपास येतात, आणि त्या बाकाखाली सरकवून नेणारे प्रवासी दिसतातही.

डब्यात न मावणारी सायकल ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या टोकाच्या सामानाच्या डब्यातून, न्यावी लागते. तिच्या नोंदणीचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक पहिल्यांदा जाणाऱ्याने आधीच समजून घेतला पाहिजे. पहिला मार्ग लगेजचा. यात प्रवासी आपले तिकीट दाखवून सायकलीचे लगेज तिकीट काढतो आणि सायकल त्याच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवली जाणे अपेक्षित असते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या वेळेआधी निदान ३० मिनिटे सामान कार्यालयात हजर राहावे लागते. दुसरा मार्ग पार्सलचा. त्याला प्रवासाचे तिकीट लागत नाही, दरही सहसा कमी पडतो, पण सायकल कोणत्या गाडीने निघेल हे ब्रेकव्हॅनमधल्या जागेवर ठरते आणि ती मालकाच्या मागून एक-दोन दिवसांनी पोचू शकते. एकाच खिडकीवर दोन्ही व्यवहार चालणाऱ्या स्थानकांत घाईच्या वेळी सायकल नकळत पार्सलमध्ये नोंदली जाते. म्हणून ‘लगेजमध्ये, याच गाडीला’ असे खिडकीवर स्पष्ट सांगावे आणि हाती आलेली पावती तेथेच वाचून पाहावी.

मोठ्या स्थानकातल्या पार्सल ऑफिसात हे काम कसे चालते ते ठाऊक असले तर बराच त्रास वाचतो. सायकल काट्यावर चढते, कारकून वजन लिहून घेतो आणि पावतीचा क्रमांक, कोठून कोठे व नग किती हे सायकलीवरच्या चिठ्ठीवर किंवा आवरणावर मार्करने लिहिले जाते. हा मजकूर एकाच जागी असला आणि फाटला, तर सायकल बेवारशी ठरते. त्यामुळे अनुभवी सायकलस्वार जाड पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्या करून एक दांडीला आणि एक मागच्या चाकाला सुतळीने बांधतात आणि दोन्हींवर नाव, मोबाइल क्रमांक व उतरण्याचे स्थानक लिहितात. आवरणासाठी पूर्वी गोणपाट वापरत. आता सायकलच्या दुकानातून मिळणारा पुठ्ठ्याचा खोका किंवा फोमची गुंडाळी पसंत केली जाते. खोक्यात भरताना पेडल काढणे, हँडल आडवे वळवून दांडीला बांधणे, सीट पूर्ण खाली करणे आणि पुढचे चाक काढून सांगाड्याच्या बाजूला बसवणे एवढे करावे लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावला की क्रँकचे, म्हणजे पेडल बसते त्या दांड्याचे, आटे जातात. पुढचे चाक काढल्यावर ते धरणाऱ्या चिमट्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा बसवावा, कारण वरून पोती पडली की चिमटा आत दबतो. मागचा गिअर बदलणारा भाग, म्हणजे डिरेलर, सोडून आतल्या बाजूला बांधला तर उत्तम. हमालांच्या हाती सगळ्यात आधी तोच वाकतो. न बांधता तशीच चढवलेली सायकलही बऱ्याच ठिकाणी स्वीकारली जाते आणि ती ढकलत नेता येत असल्यामुळे हमालांना सोयीची वाटते, हेही खरे आहे. जुन्या २८ इंची काळ्या सायकलीला ही वागणूक सोसते, हलक्या ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या सांगाड्याला सोसत नाही.

नुकसानभरपाईची तरतूद तुटपुंजी आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये रेल्वेने नोंदवून पावती दिलेल्या सामानाचीच जबाबदारी तिच्यावर येते, आणि मूल्य जाहीर करून त्यावरचे टक्केवारी शुल्क भरले नसेल तर लगेजसाठी भरपाई किलोमागे १०० रुपयांपर्यंत आणि पार्सलसाठी ५० रुपयांपर्यंत मर्यादित असते. त्यामुळे १३ किलोची सायकल हरवल्यास लगेजखाली जास्तीत जास्त १,३०० रुपये मिळू शकतात, मग तिची किंमत तीस हजार का असेना. महागडी सायकल नेणाऱ्याने नोंदणीच्या वेळीच मूल्य जाहीर करणे शहाणपणाचे आहे. गाडी सुटल्यावर तो हक्क उरत नाही.

ब्रेकव्हॅन हा गाडीच्या दोन्ही टोकांना असणारा, काही भाग मालासाठी आणि काही भाग गार्डसाठी व प्रवाशांसाठी राखलेला डबा (गार्डचे पदनाम २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झाले आहे). यातली मालाची जागा अनेक गाड्यांत खासगी कंत्राटदारांना भाड्याने दिलेली असते. तेथे फळे, कापड, मासळी आणि यंत्रांचे सुटे भाग आधीच भरलेले असल्याने प्रवाशाच्या सायकलीला उरलेली जागा मिळते. नव्या एलएचबी (मूळ जर्मन आराखड्याच्या) बनावटीच्या गाड्यांत टोकाच्या डब्याचा मोठा हिस्सा वीजनिर्मितीच्या जनरेटरने व्यापला. पुढे इंजिनातूनच डब्यांना वीज पुरवण्याची व्यवस्था आल्यावर एका टोकाचा जनरेटर काढून सामानाची जागा पुन्हा मिळवता आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाड्यांना ब्रेकव्हॅनच नाही. मुंबई–सोलापूर, मुंबई–मडगाव यांसारख्या मार्गांवर सर्वांत जलद गाडी आता वंदे भारत आहे आणि तिने सायकल नेण्याचा अधिकृत मार्ग नाही. देशातल्या सर्वांत आधुनिक गाडीच्या आराखड्यात चार सायकली टांगण्याएवढी जागा सुचली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मधल्या स्थानकांवर अडचण वाढते. दोन मिनिटांच्या थांब्यात ब्रेकव्हॅनचे कुलूप उघडून, पोत्यांमागची सायकल शोधून ती फलाटावर उतरवणे अवघड असते आणि ती पुढच्या स्थानकाला निघून गेल्याचे प्रकार घडतात. प्रवाशाने गाडी थांबताच स्वतः ब्रेकव्हॅनपाशी धावत जावे लागते, आणि त्याचा डबा गाडीच्या दुसऱ्या टोकाला असला तर हे जवळपास अशक्यच. उतरवल्यानंतर पावती दाखवून सायकल ताब्यात घ्यायची असते. ती ठरावीक मुदतीपलीकडे पडून राहिली तर वारफेज, म्हणजे जागा अडवल्याचे शुल्क, आकारले जाते.

एसटीचा अनुभव याहून मोकळा आणि अधिक माणसांवर अवलंबून आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. तेव्हापासून पुढची अनेक दशके एसटीच्या टपावर लोखंडी कठडा आणि मागे शिडी असे, आणि बाजारच्या दिवशी टोपल्या, कोंबड्यांचे खुराडे, पोती यांच्याबरोबर सायकलही वर जाई. सायकल प्रवाशानेच चढवायची, दोरीने कठड्याला आवळायची आणि वाहकाकडून तिचे सामानाचे तिकीट घ्यायचे, हा रिवाज होता. गर्दी पाहून हो किंवा नाही म्हणणे वाहकाच्या मर्जीवर असल्यामुळे आगाराबाहेर, गाडी फलाटाला लागण्यापूर्वी चालक-वाहकांशी बोलून घेणारा प्रवासी सहसा निराश होत नसे. शिवनेरी, शिवशाही यांसारख्या वातानुकूलित गाड्यांना टपावर कठडा नाही. त्यांच्या पोटातल्या डिकीत दोन्ही चाके काढलेली सायकल आडवी ठेवता येते, मात्र चेनची बाजू वर असावी, नाहीतर गिअरवर भार येतो. खासगी ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाड्यांची डिकी मोठी असते. तेथे भाडे घासाघीस करून ठरते आणि पावती मिळतेच असे नाही, म्हणून सायकल आत ठेवताना आणि मधल्या थांब्यांवर डिकी उघडली जाताना मालकाने स्वतः उभे राहावे.

टपाची ही जुनी सोय हिमालयात अजून टिकून आहे. मनाली–लेह हा बारालाचा ला व तांगलांग ला या खिंडींवरून जाणारा चारशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता सायकलस्वारांचा आवडता आहे. तो एका बाजूने सायकलवर करून परतताना बसच्या किंवा जीपच्या टपावर सायकल बांधणे, किंवा स्पितीत काझापर्यंत बसने जाऊन तेथून उतरणीला लागणे, हे महाराष्ट्रातून जाणारे गटही करतात. खडबडीत रस्त्यावर दोरी सैल पडत असल्याने सायकलीखाली जुना टायर किंवा गोधडी घालतात.

इतर देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या प्रकारे सोडवला आहे. जपानमध्ये सायकल सुटी करून पिशवीत पूर्ण झाकली तर ती डब्यात विनाशुल्क नेता येते; लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज २५० सेंटीमीटरच्या आत आणि वजन ३० किलोपर्यंत असावे एवढी अट असते, आणि ही मुभा शिनकान्सेन गाड्यांनाही आहे. तेथे या पद्धतीला ‘रिंको’ म्हणतात व तिच्यासाठी खास पिशव्या मिळतात. जर्मनीत वेगवान आयसीई गाड्यांत सायकलींना बराच काळ मज्जाव होता. २०१७ मध्ये नियमित सेवेत आलेल्या आयसीई ४ या गाडीत आरक्षण करून ८ सायकली ठेवण्याची जागा केली गेली. युरोपीय संघाचे रेल्वेप्रवाशांच्या हक्कांविषयीचे २०२१ चे विनियम जून २०२३ पासून लागू झाले असून, नव्या किंवा मोठे नूतनीकरण झालेल्या गाड्यांत निदान ४ सायकलींची जागा ठेवण्याची तरतूद त्यांत आहे. नेदरलँड्समध्ये कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सायकल नेण्यास मनाई आहे, पण घडी घातलेली सायकल केव्हाही विनाशुल्क चालते. शिवाय २००३ मध्ये सुरू झालेल्या योजनेमुळे स्थानकावर उतरून तेथलीच भाड्याची सायकल घेता येते. भारतात मेट्रोने थोडी वाट दाखवली आहे. कोची मेट्रोने २०२० मध्ये डब्यात सायकल नेऊ दिली आणि नंतर मुंबई मेट्रोच्या २अ व ७ या मार्गिकांवरही ती सोय झाली. ही अंतरे शहरांतर्गत असली, तरी सायकल प्रवाशाबरोबर डब्यात राहू शकते हे त्यांतून दिसून आले.

महाराष्ट्र आणि गोवा यांच्यापुरता पाहिला तर या पद्धतीचा सर्वांत चांगला उपयोग कोकणात होतो. मुंबईहून बोटीने मांडवा गाठून किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाल्यावर आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटींत सायकल काहीही न सोडता तशीच चढवता येते, आणि खाड्यांचे लांबलचक वळसे वाचतात. परतीसाठी जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गाने खुली झालेली कोकण रेल्वे आहे. कुडाळ, सावंतवाडी रोड अशा स्थानकांवर थांबा थोडा असल्यामुळे सायकल चढण्याची खात्री कमी असते. म्हणून बरेच सायकलस्वार मडगावपर्यंत जातात. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या तेथूनच सुटत असल्याने ब्रेकव्हॅन रिकामी मिळते आणि सायकल नीट उभी करून बांधायला वेळ असतो. उतरण्याचे स्थानकही ठाणे किंवा दादर न लिहिता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लिहावे, कारण गाडी तेथे संपते आणि सायकल पुढे निघून जाण्याचा प्रश्न राहत नाही.